लंगडण्याची तालीम

“बाबा, अजून लंगडा. चपलेत खडा गेल्यासारखं चालताय तुम्ही.”

बाबा स्वयंपाकघरापासून दारापर्यंत गेले आणि परत आले. आयुष्यभर शिडीवर चढून लोकांच्या भिंती रंगवलेला धडधाकट माणूस. लंगडणं काही केल्या जमेना. जाताना हा पाय ओढायचे, येताना तो. चिरंजीव सोफ्यावर आडवे पडून सूचना देत होते.

चिरंजीवांकडे फिजिओथेरपीची पदवी होती. ती कमावली म्हणण्यापेक्षा अंगावर येऊन पडली म्हणणं जास्त खरं. वर्गात शेवटचा बाक, परीक्षा तोंडावर आली की दुसऱ्याच्या वह्या आणि निकालात जेमतेम पास. पुस्तकं वाचून हात तयार होत नाहीत, असं ते मित्रांना ऐकवायचे. हातांनी काय केलं, ते मात्र कुणाला दिसलं नाही. आता त्यांना पदव्युत्तर पदवी हवी होती, कारण तिच्याशिवाय बऱ्या रुग्णालयात कुणी दारात उभं करत नव्हतं. अर्ज सगळीकडे गेले. गुण बघून सगळीकडून परत आले.

मग त्यांनी एक प्रवेश-सल्लागार गाठला. मुरलेला माणूस होता. गुणपत्रिका दोन बोटांत धरून म्हणाला, “इतके कमी गुण असले की घरात एखादं संकट लागतं. तुमच्याकडे काय झालं होतं?”

काहीच झालं नव्हतं.

“मग होऊ द्या.”

म्हणून अर्जासोबतच्या निबंधात बाबा शिडीवरून पडले. उजव्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि चिरंजीवांनी अभ्यास बाजूला ठेवून वडिलांना पुन्हा पायांवर उभं केलं. वाचून सल्लागाराचेसुद्धा डोळे पाणावले. शेवटच्या उरलेल्या कॉलेजातून विभागप्रमुख बाईंचा फोन आला. मुलाखतीला या, म्हणाल्या. आणि वडिलांनाही आणा, त्यांना चालताना बघायला मला आवडेल.

तेव्हा ही तालीम त्यासाठी होती.

“एवढी मेहनत अभ्यासावर घेतली असतीस,” आई भाजी चिरता चिरता म्हणाली, “तर आज धडधाकट बापाला लंगडायला लावायची वेळ आली नसती.”

“ह्याचे मार्क पडले, म्हणून मी शिडीवरून पडायचं,” बाबा पुटपुटले. पण मुलाचं हे शेवटचं कॉलेज होतं. त्यांनी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली काठी उचलली आणि उजवा पाय ओढत पुन्हा चालायला लागले.

चिरंजीव ताडकन उठून बसले. “अहो, दुखतोय उजवा पाय आणि काठी डाव्या हातात? डोकं नाही का जरा?” त्यांनी काठी ओढून बाबांच्या उजव्या हातात कोंबली. “ज्या बाजूला दुखणं त्या बाजूला आधार. हे लहान पोरालाही कळतं.”

“तू शिकलेला. तू म्हणशील तसं.”

“आणि काहीही विचारलं तरी नाव माझं घ्यायचं. सगळं मुलानं शिकवलं.”

“खोटं बोलताना मला घाम फुटतो रे.”

“मग पुसा.”

विभागप्रमुख बाईंची खोली साधी होती. एका भिंतीला काच आणि काचेपलीकडे रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचा मोठा हॉल. बाबा आत आले ते असे काही लंगडत आले की चिरंजीवांना मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. म्हातारा कामाचा निघाला! बाईंनी बाबांना खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. ते गेले, वळले, परत आले. कपाळावर घाम होता, तोही अगदी दुखण्याचा वाटत होता.

बाई काठीकडे बघत राहिल्या.

चिरंजीवांची नजर सहज काचेपलीकडे गेली. काचेला लागूनच पहिल्या वर्षाची एक मुलगी एका आजींना चालायला शिकवत होती. आजी उजव्या पायानं लंगडत होत्या आणि काठीही उजव्याच हातात होती. मुलीनं ती हळूच काढून घेतली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. हॉलकडच्या उघड्या दारातून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, आजी. रोज विसरता तुम्ही.”

चिरंजीवांना आता आठवलं. असं एक चित्र पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला होतं खरं. ते पान त्यांनी उलटलं होतं, वाचलं नव्हतं.

“मॅडम, बाबांना ना, चुकीची सवय—”

“तुम्ही थांबा.” बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. “काका, तुम्ही सांगा. काठी ह्या हातात धरायला कुणी शिकवलं तुम्हाला?”

बाबांचा चेहरा उजळला. सकाळपासून ते खोट्याच्या ओझ्यानं वाकले होते, आणि आता अखेर एक प्रश्न असा आला होता की ज्याचं उत्तर अगदी खरं होतं, शिवाय मुलाच्या मोठेपणाचंही होतं. त्यांनी कपाळ पुसलं आणि चिरंजीवांच्या खांद्यावर अभिमानानं हात ठेवला.

“ह्यानंच! मी आपला डावखुरा माणूस, डाव्या हातात धरून बसलो होतो. ह्यानं ओढून उजव्या हातात दिली.”