दीड मिनिट

दवाखान्याचा कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसला होता. बाहेर बाकावर पेशंट खोकत होते, त्यांचे जुने रिपोर्ट सगळे आत. डॉक्टर सुनेला हाकांवर हाका मारत होते. ती बॅग भरत होती. दुपारी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात कायमची निघायची होती.

"मी पेशंटना थांबा म्हणायचं, तर हाच मला थांबवतोय," डॉक्टर करवादले. "बघ बाई काय ते."

सून खुर्चीत बसली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एकाएकी थबकल्या.

"याची सिस्टीम युनिक्स आहे बाबा, सांगून ठेवलेलं विसरत नाही. सुरू होताना दोन्ही डिस्क शोधतं, आतली आणि त्याने बाहेरून लावलेली. त्याची डिस्क मी काल काढून बॅगेत ठेवली, पण इथल्या यादीतली तिची ओळ काढायची राहिली. दीड मिनिट वाट बघतं आणि मग हात टेकतं."

डिस्कला नाव डॉक्टरांच्या मुलाने, तिच्या नवऱ्यानेच दिलं होतं, आई हाक मारायची तेच. आता पडद्यावर तेवढंच होतं: सोन्याची वाट बघत आहे. सोन्या जाऊन वर्ष झालं होतं. मशीनला हे कोण सांगणार?

"मग डिस्क परत लाव आणि मोकळी हो!"

"काही नको," दारातून सासूबाई म्हणाल्या. "दोघांचे फोटो आहेत त्यात. तिचं तिला नेऊ दे." मग जरा चाचरत म्हणाल्या, "चालू करायचं बटण मीच दाबत होते मघापासून. हे थांबलं की पुन्हा."

"तू? अगं, कशाला?"

"त्याचं नाव येतं ना. घरात आता कोण काढतं त्याचं नाव?"

डॉक्टर चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

सुनेने ती ओळ उघडली. खोडायला बोट उचललं, पण खाली येईना. तिचेही डोळे भरले होते.

"आई, खोडत नाही मी. शेवटी एक शब्द घालते. मग हे त्याला शोधेल, पण नाही सापडला तर अडून बसणार नाही. पुढे जाईल."

"नाव येईल?"

"येईल."

तिने शब्द घातला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सासूबाई लगबगीने येऊन पडद्यापाशी वाकल्या. ओळी धावू लागल्या. मध्येच कुठेतरी नाव आलं आणि बाकीच्या ओळींबरोबर वर निघून गेलं. पेशंटचे रिपोर्ट उघडले. डॉक्टरांनी घसा साफ करून पहिल्या पेशंटला आत बोलावलं.

सासूबाई अजून तशाच वाकून होत्या.

"किती पटकन गेला गं," त्या म्हणाल्या.