सतरा नंबरची मासळी

हात काढले आणि मासळी आडवी झाली. पांढरं पोट वर आलं. कमरेइतक्या पाण्यात डॉक्टर चटकन वाकले, दोन्ही हात खाली घालून तिला सरळ केलं, आणि काठावरच्या बायकोकडे न बघताच म्हणाले, "काही नाही, दमलीय जरा."

डॉक्टर म्हणजे दातांचे. तीस वर्षं माणसांचे जबडे उघडून झाले, आता माशांचे उघडतात, असं तळ्यावरच्या गळवाल्या मंडळातले लोक त्यांना चिडवायचे. पण नियमांची गोष्ट निघाली की त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडायचा, गळाचा उलटा काटा घासून टाकायचा, हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, हे सगळं त्यांनीच घालून दिलेलं. आणि पाठीला चकती लावलेला मासा लागला, तर त्याची लांबी, वजन आणि आकडा दिसेल असा फोटो घेतल्यावरच त्याला सोडायचं. मोजदाद नीट राहावी म्हणून.

आज त्यांनी ते सगळं अगदी साग्रसंगीत केलं होतं. वीस मिनिटं झुंजवून मासळी काठाशी आणली, पिवळ्या चकतीवरचा सतराचा आकडा बघितला आणि गडी खूश झाला. पट्टीवर ठेवून लांबी घेतली. ओल्या झोळीत घालून वजन केलं. मग फोटो. पहिल्यात चकती उलटी आली, दुसऱ्यात बायकोचं बोट, तिसऱ्यात नुसतं ऊनच चमकलं. अगं आकडा येऊ दे, अहो मग तिला नीट धरा की, असं दोघांचं चाललं होतं. तेवढा वेळ मासळी हवेत तोंड उघडत होती, मिटत होती. चौथा फोटो मात्र झकास आला.

डॉक्टरांनी तिचं तोंड ओढ्याकडून येणाऱ्या पाण्याकडे वळवलं. कल्ल्यांतून पाणी जाऊ दे, येईल ती शुद्धीवर, दुसरं काय. असे शेकडो मासे त्यांनी सोडले होते. शेपटीचा एक फटकारा मारून सगळे गेले होते. ही काही फटकारा मारीना.

तळ्यात या जातीच्या अंडी घालणाऱ्या माद्या तीनच उरल्या होत्या. गेल्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीत तळ्याच्या राखणदार बाईंनी ते सांगितलं होतं, आणि एवढा हंगाम तरी गळ टाकू नका म्हणून अक्षरशः हात जोडले होते. तेव्हा डॉक्टरच उठून बोलले होते. आम्ही काय मासे मारतो का? आम्ही सोडतो, आणि सोडलेला मासा मरत नसतो. त्यांच्या शब्दाखातर तळं उघडं राहिलं. बाई वाद न घालता निघून गेल्या होत्या. आता सतरा नंबरचं पोट डॉक्टरांच्या तळहाताला टम्म लागत होतं, अंड्यांच्या गाभोळीनं भरलेलं.

डॉक्टर घाबरले. खुर्चीत पेशंट बेशुद्ध पडला होता तेव्हाही एवढे घाबरले नव्हते. तिथे निदान नाडी बघता येते. मासळीची नाडी कुठे बघणार?

"अहो, पाय गारठतील. वर या आता," बायको म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर बाईंची केशरी टोपी दिसली. चारची फेरी. प्रत्येक गळवाल्यापाशी थांबत, दोन शब्द बोलत त्या सावकाश इकडेच येत होत्या. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. चार पावलांवर दाट पाणगवत होतं. मासळी त्यात नुसती ढकलून दिली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार आपल्या डोक्यात आला, याचीच त्यांना जास्त भीती वाटली. तरी तोंडातून शब्द गेलेच.

"ते फोटो काढून टाक."

बायकोने फोनवरून मान वर केली. "काढून टाकू? दमलीय म्हणालात ना?"

मासळीचा डोळा डॉक्टरांकडे होता, पण तो कशाकडे बघत होता हे काही कळत नव्हतं. मग एकदम त्यांच्या बोटांना काहीतरी जाणवलं. बारीक, अगदी आतून आल्यासारखं. त्यांनी श्वास रोखला. परत जाणवलं. शेपूट हलकेच डोललं. आहे, जीव आहे! त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता हात काढायचे नाहीत, दहा मिनिटं लागोत नाहीतर तास.

बाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. बायकोने फोन पदराआड धरला. बाईंनी आधी तो बघितला, मग पाण्यातले डॉक्टर.

"कितवी?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना आकडा सांगवेना. "जिवंत आहे, बाई," ते म्हणाले. "हाताला लागतंय माझ्या. बघा ना, थरथरतेय."

बाई बुटांसकट पाण्यात उतरल्या. मासळीला त्यांनी हात लावलाच नाही. पाण्याखाली डॉक्टरांची दोन्ही मनगटं धरली, घट्ट, आणि तशीच धरून ठेवली.

हातांची थरथर थांबली. मासळीचीही थांबली.