टोकनाचं शेवटचं अक्षर

यादी कोरी आली. वर मथळा, खाली 'समाप्त', मध्ये काही नाही.

"मशीन फेल," पर्सोनेल ऑफिसर जयसिंगराव म्हणाले. त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

ऑर्डरी घटल्या होत्या. सोमवारपासून काही कामगारांचं काम बंद होणार होतं. साहेबांच्या मर्जीने कुणी जायला नको, म्हणून युनियनच्या कोंडाजींनी भांडून एक गोष्ट ठरवून घेतली होती. ज्यांचा टोकन नंबर 'टी'ने संपतो ते टेंपररी. शॉपातले असोत की ऑफिसातले, तेवढेच जातील, आणि यादी कॉम्प्युटर काढेल. ते जमलं नाही तर जयसिंगराव हाताने काढणार होते. त्यांची यादी खिशात तयार होती. गेल्या संपात पुढे असलेले जुने कामगार तिच्यात होते, हे साऱ्या कंपनीला ठाऊक होतं.

"साहेबाचं मशीन साहेबागतच," कोंडाजी म्हणाले. "इचारलं की गप."

यादी काढणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटर विभागातल्या शमीमचा होता. शिफ्ट सुटेपर्यंत तिला वेळ मिळाला. ती बसली, उठली, पुन्हा बसली. माणशी एक अशा पंच-कार्डांचा गठ्ठा उचलला, ठेवला. चूक तर तिला केव्हाच दिसली होती. कार्डावर टोकनासाठी राखलेली जागा मोठी, नंबर लहान. उरलेली घरं मशीन कोरी ठेवतं. तिचा प्रोग्रॅम अगदी शेवटच्या घरात टी शोधत होता. तिथं कोरंच होतं. मागून यायचं, कोरी घरं सोडायची, पहिलं भरलेलं घर भेटलं की तिथं टी आहे का बघायचं. थोड्या ओळींचं काम. तरी हात पुढे जाईना.

दारातून कोंडाजी तिच्याकडे बघत होते.

अखेर तिने नव्या ओळी पंच केल्या. मग गठ्ठ्यातून एकच कार्ड वेगळं काढलं आणि आधी तेवढंच चालवलं. प्रिंटरने एक ओळ छापली. शमीमने ती वाचली. कागदाची घडी पर्समध्ये गेली. कार्ड परत गठ्ठ्यात गेलं.

या वेळी यादी लांबलचक आली. जयसिंगरावांनी खिशातला हात बाहेर काढला आणि सही केली. युनियनचीही सही लागत होती, पण कोंडाजींनी पेन घेतलं नाही.

"बाई, मघाशी बी मशीनच बोललं व्हतं. आता खरं बोलतंय कशावरनं?"

"आधी एक कार्ड चालवून पाहिलं. ज्याच्या शेवटी टी आहे हे मला पक्कं माहीत होतं, असं."

"कुणाचं?"

प्रिंटर थांबला होता.

"माझं," शमीम म्हणाली.