हिरवा दिवा

"पासवर्ड पुसताना बाकीचं काही पुसलं जाणार नाही ना?" ताता एलिसेओंनी पुन्हा विचारलं.

"नाही हो ताता," यास्ना म्हणाली. "कुलूप तेवढं बदलायचं. घर जसंच्या तसं."

खालच्या शहरातून ती संगणक दुरुस्तीचं सामान घेऊन चढून आली होती. पायवाटेच्या कडेनं थेट घुमटापर्यंत दोर बांधलेला होता. अंधारात येणाऱ्या पाहुण्यांची चांगली सोय केलीय, असं तिला वाटलं.

घुमट तातांनी स्वतः गावाला हाताशी धरून बांधला होता. आतली दुर्बीण संगणक वळवायचा, आणि संगणक महिनाभर तातांचं ऐकत नव्हता. त्याचे सगळे अधिकार एका शब्दात, आणि तो शब्द म्हाताऱ्याच्या डोक्यातून गेलेला. आज पालिकेचा माणूस येणार होता. लोकांना शनी दिसला नाही, तर पालिका दुर्बीण ट्रकमध्ये घालून शहरात नेणार, हे ठरल्यासारखंच होतं.

"थांब, तुझ्यासाठी दिवा लावतो," ताता म्हणाले. मंद लाल दिवा लागला. "पांढरा नाही लावत इथे. डोळे दिपले की मग तारे दिसत नाहीत लोकांना."

बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. लाजाळू माणूस, मान खाली. यास्नाला ते आवडलं. तिने पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबून धरलं.

"बंद करतेस?" ताता दचकले. "मी कधीच बंद करत नाही त्याला. बंद केला की दुर्बीण आपण कुठे बघतोय तेच विसरते."

"परत आठवण करून देऊ की."

"मग हेर्मिंदाला बोलवावं लागेल," ते पुटपुटले.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. वाट बघता बघता तिने विचारलं, "शनी कसा दिसतो हो ताता? मी फक्त चित्रात पाहिलाय."

"एका खाणकामगाराला तो खाणीतल्या दिव्यासारखा वाटला होता. भोवती धूळ तरंगत असलेला. शाळेच्या बाई म्हणाल्या, बशीत ठेवलेलं जर्दाळू. एक म्हातारी नुसतीच रडली."

"आणि तुम्हाला?"

"चहा घ्या आधी!" हेर्मिंदा मावशी ट्रे घेऊन दारात उभी होती. शेजारीण, आवाज घुमटाएवढा. "काय पोरी, उघडलं का ह्याचं डोकं? अख्खं आकाश पाठ आहे माणसाला, एक शब्द राहत नाही!"

"झालंच मावशी." यास्नाने खुर्ची सरकवली. "ताता, आता नवा पासवर्ड घाला. मी तिकडे बघते."

तातांची बोटं खाली न बघता झरझर फिरली, दोनदा. संगणकाने तक्रार न करता त्यांना आत घेतलं.

"कसला नवा सुचतोय मला," ते ओशाळून म्हणाले. "जुनाच घातला."

"जुना? तो विसरला होतात ना?"

"मला वाटायचं, हाच आहे. पण घेईना. मग म्हटलं, वय झालं, भलतंच काहीतरी आठवतंय. त्या दिवसापासून स्वतःच्या नावावरही भरवसा ठेवला नाही मी."

यास्ना थबकली. ती आली तेव्हा कीबोर्डच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा पेटलेला होता. संगणक बंद करून चालू केल्यावर तो विझला होता.

"ताता, मोठ्या अक्षरांची कळ दाबली गेली होती. महिनाभर तशीच! शब्द बरोबर होता तुमचा. फक्त सगळी अक्षरं मोठी उमटत होती."

"बरोबर होता?"

"अगदी बरोबर."

 तातांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"कमाल आहे पण!" यास्ना हसत म्हणाली. "कोट्यवधी मैलांवरचे दिवे लोकांना दाखवता, आणि नाकाखालचा दिवा दिसत नाही तुम्हाला!"

हेर्मिंदा मावशी इतकी हसली, की ट्रेमधला चहा सांडला. ताताही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

सूर्य डोंगराआड गेला तसा गाव टेकडी चढून आला. पालिकेचा माणूस कोट सावरत मागे उभा राहिला. घुमटाची फट करकरत उघडली. तातांनी एका कानात इअरफोन घातला. फुटबॉलचा सामना चालू असणार, यास्नाने मनात म्हटलं. त्यांनी कळा दाबल्या, मोटारी घुरघुरल्या, आणि खेचराच्या मानेवर ठेवावा तसा त्यांनी नळीवर तळवा ठेवला.

"हेर्मिंदा, ज्येष्ठा तारा मधोमध आला?"

"जरा डावीकडे. बस, बस. आला."

"आता शनी. कडा बघ."

"धारदार. सुरीसारख्या."

रांग सरकू लागली. माणसं बडबडत आत यायची आणि कुजबुजत बाहेर पडायची. पालिकेचा माणूस वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. उठल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "ट्रक येणार नाही, ते मी बघतो," एवढंच तो म्हणाला.

शेवटी यास्नाने दुर्बिणीला डोळा लावला.

काळ्याभोर शांततेत ते लटकलं होतं. गोल, पिवळसर, भोवती कडं. कुणी धरलेलं नाही, कशावर टेकलेलं नाही. तिला आपला श्वास ऐकू आला. इतकी वर्षं हे रोज डोक्यावरून जात होतं, आणि ती खाली मान घालून संगणक उघडत बसली होती.

ती बाजूला झाली आणि तातांचा हात धरून त्यांना पुढे ओढू लागली. "ताता, तुम्ही बघा ना आता. आज तर तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत."

रांगेतली कुजबुज थांबली. तातांनी तिचा हात हळूच थोपटला.

"मला कुठलं दिसायला, पोरी," ते म्हणाले. "जन्मापासून आंधळा मी. तू सांग, तुला कसा दिसला?"