उशिरा येणारा आवाज

माईकचा आवाज लॅपटॉपात नेणाऱ्या त्या इंटरफेसच्या डबीपुढं सकाळपासून डोकं फोडत होतो. लॅपटॉपनं एकदाची ती ओळखली, तर माईकमध्ये केलेलं ‘हॅलो’ हेडफोनमध्ये उशिरा यायला लागलं. असल्या आवाजावर गाणार कोण?

माईकच्या पलीकडं आई बसलेली. बिरदेवाच्या ओव्या तिच्याइतक्या आता अख्ख्या भूम तालुक्यात कुणाला येत न्हाईत, म्हणून रेकॉर्ड करायला बसवलेलं.

"झालं का रं, कुमार? घसा वाळला माझा."

"थांब की गं जरा!"

सॉफ्टवेअरमध्ये बफरचा आकडा कमी केला, तसा उशीरही कमी झाला. अजून कमी केला. आता ओठ हलले की लगेच कानात. तरी बारीक फरक होताच. वैतागून आकडा पार तळाला नेला.

‘हॅलो’ आधी कानात आलं. मी म्हणालो नंतर.

केबल उपसून परत लावली. तेच. ‘एक, दोन’ म्हणायच्या आत कानात ‘एक, दोन’.

लई संताप आला. तोंड गच्च मिटलं. ऐकव आता काय ऐकवतोस ते!

थोडा वेळ नुसती खरखर. मग माझाच आवाज आला, रडून फुटलेला.

"आई, डोळं उघड की गं!"

समोर आईनं पदर सावरला, घसा खाकरला.

"गाऊ का रं आता?"