दीड इंच माया

कोटाचं मधलं बटण लागेना. तिनं श्वास आत ओढला, पोट आवळलं, तरी काज आणि बटण यांच्यात बोटभर अंतर उरलंच.

"पगार वाढला म्हणतेस," मावशी चष्म्यावरून पाहत म्हणाली, "पण त्याआधी तूच वाढलीस की."

दुकान तिच्या वडिलांचं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत या मशीनवर ते बसत. मावशी वीस वर्षं त्यांच्याकडे काज-बटण करत आली होती. आता दुकान मावशीच चालवत होती. दारावरची पाटी तिनं बदलली नव्हती आणि मापाची टेपही त्याच खिळ्याला अडकवत होती.

कोट वडिलांनीच शिवलेला. मुलीच्या पहिल्या नोकरीसाठी, करड्या रंगाचा, आतून अस्तर लावलेला. तेव्हा ती काडीसारखी होती. आज चार वाजता तिला तो घालून बिल्डरच्या ऑफिसात जायचं होतं. सातव्या मजल्यावरचं मोठं घर होतं. बोलणी काकांनी करून ठेवली होती. पगारवाढीचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी ते घरी आले होते.

"हप्ता काढलाय मी," चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले होते. "वाढलेल्या पगारात बरोब्बर बसतो. एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. तू आणि तुझी आई, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलात तेवढं पुरे. दादानं चाळीस वर्षं मशीनवर पाय मारले, पण माया म्हणून काही जमवली नाही. आता तू दाखव लोकांना."

तिला दाखवायचंच होतं. वडील गेल्यापासून 'माया जमवली नाही' हे वाक्य तिनं तीन वेळा ऐकलं होतं आणि तिन्ही वेळा गप्प बसली होती. शिंप्याची मुलगी सातव्या मजल्यावर राहते, असं लोकांनी एकदा तरी म्हणावं. स्वतःसाठी नव्हे, वडिलांसाठी.

"चारच्या आत होईल?" तिनं विचारलं.

"बाजू सोडायच्या तर आत कापड हवं. बघू दे."

मावशीनं कोट उलटा केला आणि अस्तर उसवायला घेतलं. तिला आठवलं, हा कोट पहिल्यांदा घातला तेव्हा ती कुरकुरली होती. बाजूची शिवण जाड लागते. बाकीचे शिंपी जादा कापड कापून टाकतात, तुम्हीच का ठेवता? वडिलांनी शिवणीवरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली होती. गिऱ्हाइकंही त्यांना छेडायची. "मास्तर, उरलेलं कापड कुठे मारलंत?" ते मान वर न करता म्हणायचे, "तुमच्याच अंगावर आहे." दुकान हसायचं. तीही हसायची.

टाके सुटत गेले. आत दुमडलेली पट्टी उलगडली. बाहेरचा करडा रंग विटला होता, पट्टी मात्र ताग्यातून आत्ताच फाडल्यासारखी कोरी होती.

"हे बघ," मावशी म्हणाली. "दीड इंच माया ठेवलीय. त्या बाजूलाही तेवढीच. लोक अर्धा इंच ठेवतात गं, तोही जिवावर आल्यासारखा."

पट्टीवर खडूच्या तीन रेघा होत्या. अर्ध्या अर्ध्या इंचावर, मोजपट्टी लावून आखल्यासारख्या सरळ. तिनं बोट जवळ नेलं आणि न टेकवता मागे घेतलं.

"एवढी कशाला?"

"मास्तर म्हणायचे, कपडा आज अंगाला बरोब्बर बसला तर शिंपी हुशार. दहा वर्षांनी बसला तर शहाणा." मावशीनं दोन्ही बाजूंना पहिल्या रेघेवर टीप मारली, दोरा दातानं तोडला. "दोन रेघा शिल्लक आहेत अजून. सावकाश वाढ."

बटण लागलं. तिनं हात वर केले, खाली वाकली, पुरता श्वास घेऊन पाहिला. कुठेही काचत नव्हतं.

चार वाजता काका बिल्डरच्या ऑफिसात आधीच येऊन बसले होते. तिथल्या माणसानं कागद तिच्यापुढे सरकवले. "सह्या तेवढ्या राहिल्यात, मॅडम. हप्ता तुमच्या पगारात अगदी मापात बसतो."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरचं लहान घर दाखवा. हप्ता वाढीच्या निम्म्यात बसायला हवा."

काका खुर्चीत पुढे सरकले. "आणि उरलेलं निम्मं?"

"बँकेत. पगार हातात येण्याआधीच कापून घ्यायला सांगणार आहे. उद्या नोकरी अडखळली, आई आजारी पडली, तर सोडायला आत काही तरी हवं."

"अगं, पगार वाढलाय तुझा. कमी नाही झाला." काकांनी त्या माणसाकडे पाहून मान हलवली. "बापावर गेलीय. त्यालाही कधी हात सैल सोडून जगता आलं नाही. चाळीस वर्षं राबला, मला सांग, माया गेली कुठे त्याची?"

या वेळी ती गप्प बसली नाही. तिनं कोटाच्या बाजूवरून हात फिरवला. शिवण अजूनही जाड लागत होती.

"माझ्याच अंगावर आहे, काका."