ड्राबोचं नाक

तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. गाडीचं चाक बसेपर्यंत तुम्हाला तरी कुठे जायचंय? तर ड्राबो दवाखान्याच्या बाकावर बसला होता, आणि त्याच्या नाकातून इतकं रक्त वाहत होतं की अंगणातल्या पांढऱ्या कोंबड्या तांबड्या होऊन हिंडत होत्या.

हरमतान सुटला होता. आज सुटलाय तसाच. हा वारा वाळवंटाची धूळ घेऊन येतो आणि जे जे ओलं ते सगळं पिऊन टाकतो. लोकांच्या टाचा फुटतात, ओठ फुटतात. ड्राबोचं नाक फुटायचं. दर दोन-तीन दिवसांनी. त्या दिवशी तर पहाटेपासून तिसऱ्यांदा, आणि थांबायचं नाव नाही. शेजारणीने कांदा हुंगवला. भावाने मानेवर गार किल्ली ठेवली. सासरा म्हणाला, वर बघ. मेहुणा म्हणाला, आडवा हो. कुणाचं ऐकावं ते ड्राबोला कळेना, म्हणून त्याने सगळ्यांचंच ऐकलं. दवाखान्यात आणला तेव्हा किल्ली मानेवर होती, कांदा हातात होता आणि तोंड आभाळाकडे.

बाकावरही त्याने मान मागेच टाकली. रक्त घशात उतरत होतं, खारट, कोमट. छताला शेपूट तुटलेली पाल होती. मग त्या दोन झाल्या.

मी? मी दारात उभा होतो. सहज गेलो होतो.

नर्स आली. सिब्दू तिचं नाव. आमच्या जमातीची, मोस्सी. ड्राबो सामो. तुम्ही लांबचे, म्हणून सांगतो. मोस्सी आणि सामो हे थट्टेचे सोयरे. भेटलो की एकमेकांना गुलाम म्हणायचं, बापजाद्यांचा उद्धार करायचा, मयताच्या दारातसुद्धा सोडायचं नाही. राग मानायचा नाही. आणि सोयऱ्याच्या बोलण्यावर विश्वास तर मुळीच ठेवायचा नाही. ही समोर बसलीय ना, तोएबाई, ही सामो. ए माझ्या गुलामा, आज दोलोत मीठ टाकलंस काय? ज्वारीची दारू इतकी खारट मला कधी लागली नव्हती.

बघा, हिची आज जीभच गेलीय. थांबा, मिशी पुसू द्या.

तर सिब्दूने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मान खाली घाल. नाकाचा मऊ भाग चिमटीत धर. तोंड उघडं ठेव, आणि बोलू नकोस.”

ड्राबो हसला. हसताना भिंतीवर शिंतोडे उडाले. सामोने मोस्सी बाईपुढे मान खाली घालायची, स्वतःचं नाक धरायचं, आ वासायचा, आणि वर गप्प बसायचं? अशी थट्टा सात पिढ्यांत कुणी केली नव्हती. तो म्हणाला, तुझ्या बापाने माझ्या बापाची गाढवं राखली, आणि मी तुझ्यापुढे वाकू? त्याने मान आणखी मागे टाकली.

पण आतून तो गोंधळला होता. अंगातला कोट नर्सचा, चेहरा सोयऱ्याचा. यातलं बोलतंय कोण? खरं असेल तर ऐकायला हवं. थट्टा असेल आणि ऐकलं, तर मरेपर्यंत गाव हसणार. दोन पालींच्या चार झाल्या.

मग त्याने ठेवणीतली शिवी काढली. ती मी इथे सांगत नाही, लेकीबाळी बसल्यात. पण मेलेला सोयरासुद्धा उठून उत्तर देईल अशी शिवी होती ती.

सिब्दूने उत्तर दिलं नाही.

ड्राबोने तिच्या आजीचं काढलं. तरी उत्तर नाही. ती फरशीवर पडणाऱ्या थेंबांकडे बघत होती.

तेव्हा तो घाबरला. रक्ताला नव्हता घाबरला इतका त्या गप्प बसण्याला घाबरला. आमच्यात सगळं चालतं, एकच चालत नाही: सोयऱ्याचं रक्त सांडलेलं बघत बसायचं नाही. तिथे थट्टा संपते. त्याने मान खाली घातली.

तिने स्वतःच त्याचं नाक चिमटीत धरलं. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. थांबलं का म्हणून मध्ये सोडून बघणं नाही. आणि ते थांबलं. मग तिने रक्तदाब मोजला आणि बजावलं: वारा असेपर्यंत करंगळीने नाकात शियाच्या बियांचं लोणी लावायचं, सकाळी आणि निजताना. खपली नखाने उचकटायची नाही. पुन्हा आलं तर वर बघायचं नाही, खाली बघायचं. अर्ध्या तासात नाही थांबलं तर कांदा घरीच ठेवून दवाखाना गाठायचा.

तर असा एक सामो मोस्सी बाईपुढे पंधरा मिनिटं मान खाली घालून बसला, आणि मी ते दारातून डोळ्यांनी बघितलं. काय तोएबाई? बोल की. मघापासून डिवचतोय तुला. आता मी तुझ्या आजीचं काढीन हं.

तोएबाईने त्याच्या तांबड्या झालेल्या मिशीकडे बघत हातातली तुंबडी खाली ठेवली.

“खोटं,” ती म्हणाली. “दारातून छतावरची पाल दिसत नाही. ड्राबो नव्हता आणि सिब्दू नव्हती. नाक तुझं होतं, तांगा, आणि धरलं होतं मी. दारूत मीठ नाहीय. मान खाली घाल.”